शेपटीवरचे शंभर ग्रॅम

फेब्रुवारी १९४५. स्थळ : इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील हिबलस्टो विमानतळ. वारा जोराचा असला, की जमिनीवरून चालणाऱ्या स्पिटफायर विमानाची शेपटी उचलली जाऊन नाक जमिनीवर आपटण्याचे भय असे. म्हणून एखाद्या कर्मचाऱ्याने शेपटीवर बसायचे आणि धावपट्टीपाशी पोचताच खाली उतरायचे, असा तेथील रिवाज होता. त्या दिवशी हे काम मार्गारेट हॉर्टन या महिला कर्मचाऱ्याकडे होते. त्या उतरण्यापूर्वीच वैमानिक नील कॉक्स यांनी विमान आकाशात नेले. शेपटी विलक्षण जड लागते आहे, एवढे त्यांना हातातल्या दांडीवरून जाणवले. कारण मात्र समजेना. हॉर्टन शेपटीला घट्ट बिलगून राहिल्या. कॉक्स यांनी विमानतळाभोवती एक फेरी मारून विमान अलगद उतरवले आणि दोघेही सुखरूप बचावले.

या प्रसंगात वैमानिकाला सावध केले ते त्याच्या हाताला जाणवलेल्या भाराने. परंतु ज्या विमानात वैमानिकच बसलेला नाही, त्याचे काय? रेडिओ-नियंत्रित युद्धविमानांच्या मोठ्या प्रतिकृती उडवणाऱ्या छांदिष्टांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. विमान आकाशात, चालक जमिनीवर, आणि दोघांमध्ये दुवा फक्त रेडिओलहरींचा. शेपटीचा जडपणा त्याच्या बोटांना जाणवत नाही. तो डोळ्यांना दिसतो, आणि दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

खेळणे नव्हे, यंत्र

अमेरिकेतील इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनच्या निकषानुसार पंखांची एकच जोडी असलेली प्रतिकृती ‘मोठी’ ठरण्यासाठी पंखांचा विस्तार किमान ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर असावा लागतो. मूळ स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. त्याची एक-चतुर्थांश प्रतिकृती केली तर तो २.८ मीटर भरतो. असे विमान १६ किलो वजनाचे आहे असे धरू. उतरण्यासाठी ते ताशी ५०-५५ किलोमीटर वेगाने जमिनीकडे येते. त्याच्या बांधणीत कित्येक महिन्यांच्या रात्री आणि बरीचशी बचत खर्ची पडलेली असते. शिवाय मैदानाच्या कडेला माणसे उभी असतात. त्यामुळे चूक झाली तर नुकसान केवळ लाकडाचे आणि रंगाचे होईल, असे मानता येत नाही.

ताळमेळ ग्रॅमचा

विमानाचे सारे वजन ज्या एका बिंदूवर एकवटले आहे असे मानता येते, तो त्याचा गुरुत्वमध्य. पंखाच्या सरासरी रुंदीचा पुढून मोजलेला साधारण २५ ते ३० टक्के भाग ही त्याची सुरक्षित जागा समजली जाते. आपल्या स्पिटफायरच्या पंखाची सरासरी रुंदी अर्धा मीटर आहे. म्हणजे हा सारा खेळ जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या पट्टीत खेळायचा असतो.

गुरुत्वमध्य पुढे सरकला, तर विमान सुस्त होते आणि उतरताना नाक वर उचलायला कुरकुर करते. मागे सरकला, तर ते अतिसंवेदनशील होते. दांडी किंचित हलवली तरी नाक वर उसळते, वेग मरतो आणि विमान कोसळते. नाक जड असलेले विमान वाईट उडते, शेपटी जड असलेले विमान एकदाच उडते, अशा अर्थाचे वचन या छंदात जगभर प्रचलित आहे. खऱ्या युद्धविमानांनाही यातून सुटका नव्हती. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन मस्टँग विमानात पल्ला वाढवण्यासाठी वैमानिकाच्या मागे इंधनाची जादा टाकी बसवण्यात आली. ती भरलेली असताना विमानाचा तोल इतका मागे जाई, की लढाईपूर्वी त्या टाकीतील बरेचसे इंधन आधी संपवावे लागे.

प्रतिकृतीची अडचण मुळातच अधिक. मूळ स्पिटफायरच्या नाकात सुमारे ७४० किलोचे मर्लिन इंजिन होते. एकूण भाराच्या पाचव्या हिश्श्याहून ते अधिक भरे. प्रतिकृतीतील पेट्रोल इंजिन त्या मानाने हलके असते. साहजिकच नाक हलके आणि शेपटी जड, असा हिशेब तयार होतो.

समजा, १६ किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटर मागे आला. सोळा गुणिले दोन, म्हणजे ३२ची तूट झाली. नाकात, अपेक्षित बिंदूपासून ६४ सेंटिमीटर पुढे, अर्धा किलो शिसे ठेवले की ती भरून निघते. उलट, शेपटीच्या टोकाशी, त्या बिंदूपासून १२८ सेंटिमीटर मागे, केवळ १०० ग्रॅम जादा गोंद आणि रंग चढला, तर त्याची भरपाई म्हणून नाकात २०० ग्रॅम शिसे घालावे लागते. शंभर ग्रॅमच्या निष्काळजीपणापायी विमान ३०० ग्रॅमने जड होते. म्हणूनच अनुभवी कारागीर शेपटीचे लाकूड निवडताना काटा जवळ ठेवतात, आणि शिशाआधी बॅटरीसारख्या आवश्यक वस्तू पुढे सरकवून पाहतात.

इतके जड विमान बोटांच्या टोकांवर तोलता येत नाही. तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून, उड्डाणात असते तसे ते आडवे सरळ धरून, नोंदी घेतात. मुख्य चाकांपासून शेपटीचे चाक १३० सेंटिमीटर मागे असेल आणि तेथील काटा १.६ किलो दाखवत असेल, तर शेपटीवर एकूण भाराचा दहावा हिस्सा आहे. म्हणजेच गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या १३ सेंटिमीटर मागे आहे. हे मोजमाप इंधनाची टाकी रिकामी असतानाच करायचे असते. बहुतेक प्रतिकृतींत टाकी पुढच्या भागात असल्याने इंधन संपत जाते तसा तोल मागे सरकतो, आणि उतरण्याची वेळ नेमकी तेव्हाच येते. ज्या विमानांची चाके मागच्या बाजूला दुमडतात, उदाहरणार्थ कोर्सेअर, त्यांचा तोल चाके आत घेतलेल्या स्थितीतही तपासावा लागतो.

शेवटची तीस सेकंदे

तोल साधला, की उरते ते उतरणे. हवेत तरंगत राहण्यासाठी विमानाला एक किमान वेग लागतो. तो घटला तर पंखांना मिळणारी उचल एकाएकी ढासळते. उतरताना या किमान वेगाच्या साधारण १.३ पट वेग राखावा, असा संकेत आहे. पण विमानावरचा वेगमापक चालकाच्या डोळ्यांसमोर नसतो आणि नजर फसवते. वाऱ्याबरोबर जाणारे विमान भरधाव भासते, म्हणून चालक इंजिन मंद करतो. मग वाऱ्याकडे तोंड करण्यासाठी वळण घेताना विमान कलंडते आणि किमान वेगाची गरज वाढते. ४५ अंशांच्या कलात ती सुमारे १९ टक्क्यांनी, तर ६० अंशांच्या कलात ४१ टक्क्यांनी वाढते. वेग कमी आणि गरज अधिक, अशा या वळणावर अनेक सुंदर विमानांचा शेवट झालेला आहे.

यावरचा उपाय म्हणजे मोठे, सौम्य वळण आणि इंजिनाची थोडी ताकद अखेरपर्यंत कायम ठेवणे. विमान धावपट्टीच्या अलीकडे पडेलसे वाटले, की नाक वर ओढण्याचा मोह अनावर होतो. तेथे नाक न उचलता इंजिनाची ताकद वाढवायची असते. इंजिन हवेतच बंद पडले, तर प्रथम नाक खाली करून वेग राखायचा आणि विमान समोर उतरवायचे.

जमिनीला चाके टेकली, म्हणजे काम संपले असे नाही. स्पिटफायरच्या मुख्य चाकांतील अंतर मुळातच कमी, सुमारे पावणेदोन मीटर होते. प्रतिकृतीतही तो दोष प्रामाणिकपणे उतरतो. त्यामुळे विमान थांबेपर्यंत मागच्या उभ्या सुकाणूने दिशा सांभाळत राहावे लागते. गवतात चाक अडकले, तर हिबलस्टोला जे भय होते तेच येथेही उभे राहते.

आपल्याकडे

स्पिटफायर आपल्याला परके नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनने ही विमाने वापरली होती. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेतील छात्रांना आजही विमानप्रतिकृती बनवण्याचे व उडवण्याचे शिक्षण मिळते. २०२१च्या ड्रोन नियमावलीत नजरेच्या टप्प्यात उडवायच्या, २५ किलोपर्यंतच्या अशा प्रतिकृतींची दखल घेतलेली आहे. मात्र विमानतळांच्या आसपासच्या व अन्य निर्बंधित क्षेत्रांत परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही, हे छंद जोपासू इच्छिणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

मैदानावर विमान अलगद टेकले, की बघे टाळ्या वाजवतात त्या चालकाच्या बोटांच्या कौशल्याला. त्यात गैर काही नाही. परंतु वर्षअखेरचा ताळेबंद जसा ३१ मार्चच्या रात्री जुळत नसतो, वर्षभराच्या एकेका नोंदीतून जुळत आलेला असतो, तसेच त्या उतरण्याचेही आहे. कित्येक महिन्यांपूर्वी, घरच्या टेबलावर, कोणीतरी शेपटीचा तुकडा काट्यावर ठेवून तो शंभर ग्रॅमने हलका केलेला असतो. त्या टाळ्यांचा पहिला हक्क त्या रात्रीचा असतो.