सुरीचे म्यान

कोकणातला गडी माडाच्या बागेत निघाला म्हणजे त्याच्या कमरेच्या आकडीत कोयता उघड्या धारेनेच लटकत असतो, आणि त्या अवजाराचे वजन, त्याचा बाक व हाताचा वर्षानुवर्षांचा सराव हाच त्याचा बंदोबस्त असतो. परंतु डोंगर चढणाऱ्या किंवा रानात मुक्काम करणाऱ्या माणसाजवळ जी टोकदार, न मिटणाऱ्या पात्याची सुरी असते, ती तशी उघडी बाळगणे धोक्याचे आहे. निसरड्या वाटेवर तोल गेला, तर तीच सुरी तिच्या धन्याच्या मांडीत शिरण्यास एक क्षण पुरतो. म्यानावाचून सुरी अपुरी आहे, असे मी मानतो. आणि ते म्यान ज्याने त्याने आपल्या हाताने, आपल्याच सुरीच्या मापाने घडवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ही गरज फार प्राचीन आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात, बर्फात टिकून राहिलेला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मनुष्याचा देह सापडला, तेव्हा त्याच्या सामानात गारेच्या पात्याचा एक लहानसा खंजीर होता, आणि त्या खंजिरासाठी झाडाच्या अंतर्सालीचे तंतू विणून केलेले म्यानही होते. पाते गारेचे असतानाही, पात्याला घर हवे, हे मनुष्याला उमगले होते.

म्यानासाठी चामडे निवडताना मात्र डोळसपणा हवा, कारण प्रत्येक चामडे या कामास पात्र नसते. क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ते चामडे मऊ, लवचीक आणि पिशव्यांना किंवा अंगरख्यांना उत्तम असले, तरी भिजवून दिलेला आकार ते धरून ठेवीत नाही. म्यानास लागते ते वनस्पतीच्या सालीने वा फळाने कमावलेले चामडे. आणि असे चामडे कमावण्याचे कसब कोल्हापूरच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले आहे. चुन्याने केस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवावी, तिच्यात बाभळीची साल व हिरडा यांचा अर्क भरावा आणि ती टांगून ठेवावी, म्हणजे तो कषाय रस हळूहळू कातड्याच्या तंतूंत मुरतो व त्यांना कुजण्यापासून वाचवतो. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचा टिकाऊपणा याच प्रकारच्या चामड्यावर उभा आहे.

तीन ते चार मिलिमीटर जाडीचे चामडे मिळाले, की प्रथम जाड कागदावर सुरी ठेवून आराखडा काढावा. कागद पात्याच्या पाठीकडून दुमडावा, धारेच्या बाजूस शिवणीसाठी सुमारे दीड सेंटिमीटर जागा सोडावी, आणि मुठीचा किती भाग आत जाईल, हे आधीच ठरवावे. फिनलंडमधील ‘पुक्को’ या सुरीच्या म्यानात मुठीचा बराचसा भाग आत बुडतो आणि केवळ त्या घट्ट बैठकीमुळे, बंदाशिवाय, सुरी जागेवर राहते. कमरपट्ट्यात अडकवायची वादी घडी घालण्यापूर्वीच शिवून घ्यावी, कारण नंतर आतल्या अंगास हात पोहोचत नाही.

धारेच्या बाजूस दोन पदरांच्या मध्ये पात्याच्या जाडीइतकी किंवा किंचित अधिक जाडीची चामड्याची एक पट्टी चिकटवावी लागते, आणि या पट्टीची कसूर कधीही करू नये. सुरी आत सरकताना धार प्रथम या पट्टीवर येते. पट्टी नसेल, तर ती थेट दोऱ्यावर येऊन टाके कापते आणि एके दिवशी म्यान उसवून पाते बाहेर पडते. शिवण हातानेच घालावी. आरीने समान अंतरावर भोके पाडावीत, शिवणीच्या सुमारे चौपट लांबीचा मेण लावलेला दोरा घ्यावा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवाव्यात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार कराव्यात. यंत्राच्या शिवणीत एक दोरा तुटला की टाके सुटत जातात. या शिवणीत एक पदर तुटला तरी दुसरा पदर शिवण धरून ठेवतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत आनंदाचा आहे. म्यान कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावे, सुरी प्लॅस्टिकच्या पातळ कागदात नीट गुंडाळून आत बसवावी आणि बोटांनी व गुळगुळीत लाकडाने चामडे दाबत दाबत मुठीचा व पात्याचा आकार त्यावर उमटवावा. वनस्पतीच्या कषाय द्रव्याने कमावलेले चामडे ओले असताना मातीसारखे वळते व वाळल्यावर तो आकार सोडीत नाही. सुरी गुंडाळण्याची खबरदारी सकारण आहे: हिरड्याच्या कषायाचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, ती याच गुणामुळे. तोच डाग चामड्यावर पडला, तर तो काढता येत नाही. म्यान सावलीत वाळवावे; उन्हात वा विस्तवाजवळ ठेवल्यास चामडे आखडते व तडकते. पूर्ण वाळल्यावर कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि वरून मेणतेलाचा हलका हात द्यावा.

शेवटी जपणुकीचा एक नियम. चामडे हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात साध्या पोलादाची सुरी म्यानात घालून कपाटात ठेवल्यास तिच्यावर गंज चढतो. म्यान प्रवासाकरिता आहे, आणि घरी आल्यावर सुरी पुसून, तेल लावून निराळी ठेवावी. जे हे काम हाती घेतील, त्यांनी आणखी एक करावे: सालीने कमावलेले चामडे चौकशी करून, ते कमावणाऱ्या कारागिराकडूनच घ्यावे व त्याच्या श्रमाचे पुरते मोल मोजावे, कारण त्याचे कसब टिकले तरच असे म्यान पुढेही घडवता येईल.