कोयना खोरे
महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग व्यापणारे, सह्याद्रीतील एक निसर्गरम्य नदीखोरे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग व पूर्वेस तिला जवळजवळ समांतर जाणारी बामणोली-घेरादातेगड रांग यांच्यामध्ये हे खोरे उत्तर-दक्षिण पसरले आहे. कोयना नदी महाबळेश्वर येथे उगम पावते व सु. ६५ किमी. सरळ दक्षिणेकडे वाहून हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते. पुढे पाटणवरून जाऊन ती कराड येथे कृष्णेस मिळते. तेथे दोन्ही नद्या समोरासमोरून येऊन मिळत असल्याने त्या संगमास ‘प्रीतिसंगम’ म्हणतात. वरच्या भागात सोळशी व कांदाटी आणि खालच्या भागात केरा, मोरणा व वांग या कोयनेच्या प्रमुख उपनद्या होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः हेळवाकच्या वरील भागाचा विचार केला आहे. खालचा भाग बराचसा सपाट, बागायती व देशावरील इतर खोऱ्यांसारखाच आहे.

पर्जन्यमानातील तफावत हे या प्रदेशाचे ठळक वैशिष्ट्य आहे. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सु. ६०० सेंमी., कोयनानगर येथे सु. ५०० सेंमी., तर कराड येथे ८० सेंमी.हूनही कमी पाऊस पडतो. उतारांवर निमसदाहरित व सदाहरित अरण्य असून त्यात जांभूळ, अंजनी, हिरडा इ. वृक्ष व कारवीची झुडपे आढळतात. गवा, अस्वल, बिबळ्या, सांबर, भेकर व शेकरू हे येथील प्रमुख प्राणी. माथ्यांवर जांभ्या दगडाची सडे म्हणून ओळखली जाणारी पठारे आहेत.

दुर्गमता हाच या खोऱ्याचा इतिहास, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ‘जावळी’ या नावाने प्रसिद्ध असलेला मुलूख म्हणजे मुख्यतः या खोऱ्याचा वरचा भाग. तो चंद्रराव मोरे यांच्या ताब्यात होता; १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी तो जिंकला. नीरा व कोयना यांच्या काठांवर वचक राहावा म्हणून बांधलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा वध झाला. वासोटा ऊर्फ व्याघ्रगड याचा उपयोग पुढे कारागृहासारखा होई. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा मराठ्यांनी तेथे बंदीत ठेवलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची सुटका झाली.

खोऱ्याचे आजचे रूप मात्र कोयना धरणाने घडविले आहे. १०३ मी. उंच व सु. ८०८ मी. लांब असे हे धरण हेळवाकनजीक कोयनानगर येथे असून त्याचा शिवसागर जलाशय सु. ५० किमी. लांब आहे. त्याची साठवणक्षमता सध्या १०५.२५ अब्ज घनफूट आहे. या पाण्याचा मोठा हिस्सा नैसर्गिक उताराविरुद्ध, बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन सु. ४७५ मी. खाली कोकणात सोडतात. पोफळी येथील भूमिगत विद्युत्‌गृह १९६२ मध्ये सुरू झाले. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेवॉ. असून वापरलेले पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्रास मिळते. महाराष्ट्राच्या औद्योगिकीकरणात या विजेचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद होय.

या लाभाची किंमत खोऱ्याने दिली. नदीकाठची भातखाचरे हीच येथील खरी शेतजमीन होती. उतारांवर नाचणी, वरी यांची जेमतेम पिके निघत. पाणी चढले ते नेमके भातखाचरांवर. अनेक गावे उठवून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे इ. जिल्ह्यांत वसविण्यात आली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. त्यामुळे कोयनेच्या विस्थापितांना त्याचा आधार वेळेवर मिळाला नाही, व पर्यायी जमिनीच्या मागणीसाठी २०१८ मध्येही कोयनानगर येथे आंदोलन करावे लागले. काही कुटुंबे दूर न जाता पाण्याच्या वरच्या अंगास डोंगरावर सरकली. १९८५ मध्ये ४२३.५५ चौ. किमी. क्षेत्राचे कोयना अभयारण्य घोषित झाले आणि त्यांच्यापैकी काहींपुढे स्थलांतराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे गाव आज ओसाड आहे.

धरणाचा दुसरा परिणाम अनपेक्षित होता. जलाशय भरू लागल्यानंतर परिसरात सौम्य धक्के जाणवू लागले व ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सु. ६.३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व कोयनानगर जवळजवळ उद्ध्वस्त झाले. धरण टिकले, पुढे त्याचे बळकटीकरण करण्यात आले. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे हे जगातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण आहे. पाच वा अधिक महत्तेचे वीसहून अधिक धक्के येथे नोंदले गेले आहेत. भूकंपाचा उगम जवळून अभ्यासता यावा म्हणून गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किमी. खोल वेधनछिद्र पूर्ण करण्यात आले. त्यात बेसाल्टचे थर सु. सव्वा किमी. खोलीवर संपून त्यांखाली ग्रॅनाइटी खडक लागला. किरकोळ धक्के रहिवाशांच्या इतके अंगवळणी पडले आहेत, की त्यांची चर्चाही होत नाही. नवख्या पाहुण्याची मात्र झोप उडते.

आज खोऱ्यात राहणे म्हणजे पाण्याच्या दोन काठांवर राहणे होय. पूर्वी नदी उतरून पलीकडच्या गावी जाता येई. आता लाँच हाच रस्ता. बाजार, शाळा, कचेरी व दवाखाना यांसाठी कांदाटी खोऱ्यातील लोकांना तापोळा वा बामणोली गाठावी लागते, आणि वादळी पावसात रुग्णास नेणे कठीण होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की जुन्या गावांची जोती उघडी पडतात व उघड्या पडलेल्या जमिनीत काही ठिकाणी गाळपेर करतात. तरुण वर्ग पूर्वीपासूनच मुंबईस जात आला आहे. गिरण्यांत व पुढे माथाडी कामात जावळी-पाटणची माणसे मोठ्या संख्येने होती. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्याचेच. गावचे घर वर्षभर बंद आणि गणपतीला व जत्रेला उघडे, हे चित्र येथे सर्रास दिसते.

पर्यटकांना तापोळ्याचे ‘मिनी काश्मीर’ हे नाव आवडते. मात्र ज्या जलाशयामुळे ही उपमा सुचली तो मानवनिर्मित आहे, आणि उपमेवाचूनही हा प्रदेश पाहण्याजोगा आहे. महाबळेश्वरहून तापोळ्यास व साताऱ्याहून कास पठारमार्गे बामणोलीस रस्ता जातो. दोन्ही ठिकाणी स्थानिक लोकांच्या बोटी मिळतात. मुनावळे येथे २०२४ मध्ये शासनाने जलक्रीडा केंद्र सुरू केले. वासोट्यास बामणोलीहून बोटीने जातात. त्यासाठी वन खात्याची परवानगी लागते, गडावर मुक्काम करता येत नाही व पावसाळ्यात वाट बंद असते. दक्षिणेस नवजा येथील ओझर्डे धबधबा व जंगली जयगड, हेळवाकजवळची रामघळ आणि कुंभार्ली घाट ही स्थळे आहेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पावसाळ्यातील खोरे अधिक सुंदर असले, तरी दरडी व दाट धुके यांमुळे प्रवास बेभरवशाचा असतो.

पश्चिम घाटातील निवडक स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कोयना अभयारण्यही आहे. कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये स्थापन झाला. दुसरीकडे सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील गावांत नवे गिरिस्थान उभारण्याच्या योजनेसाठी २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. रोजगारासाठी ग्रामस्थांपैकी अनेकांना पर्यटन हवे आहे. जमिनी मात्र बाहेरच्यांच्या हाती जाऊ लागल्या आहेत. येथील निवासगृहांत कामास असलेले तरुण पुष्कळदा ज्यांच्या घरच्या जमिनी जलाशयात गेल्या त्या कुटुंबांतील असतात. पाहुण्याने विचारले, तर बोटीचा नावाडी आपले जुने गाव पाण्यात कोठे आहे ते हात करून दाखवितो.