विश्लेषण : ७० वर्षे ‘नामशेष’ असलेला मासा चित्रकाराच्या पार्सलमध्ये कसा सापडला?

साल २०१०. क्योटो विद्यापीठाचे प्राध्यापक तेत्सुजी नाकाबो यांना ‘कुनिमासू’ या नामशेष माशाचे चित्र हवे होते. ते काम त्यांनी जपानमधील लोकप्रिय मत्स्यचित्रकार साकाना-कुन यांना दिले. जवळच्या जातीचा मासा समोर ठेवून चित्र काढावे, म्हणून साकाना-कुन यांनी ठिकठिकाणचे ‘हिमेमासू’ मागवले. फुजी पर्वताजवळच्या साइको तळ्यातून आलेले मासे मात्र काळपट होते. तो कुनिमासूच निघाला!

तो नामशेष कसा झाला होता?

कुनिमासू हा सॅल्मनच्या कुळातला. जगात तो फक्त अकिता प्रांतातील ताझावा तळ्यात होता. ४२३ मीटर खोल असलेले हे जपानमधील सर्वांत खोल तळे. जवळच्या तामा नदीत तामागावाच्या गरम झऱ्यांचे पाणी मिसळते. या झऱ्यांचा पीएच सुमारे १.२ आहे, म्हणजे लिंबाच्या रसापेक्षाही आंबट. पीएच एका अंकाने घसरला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात घ्या. शेतीला हे पाणी चालत नव्हते. म्हणून ते तळ्यात सोडून सौम्य करायचे आणि त्यावर वीजही निर्माण करायची, अशी योजना आखली गेली. कागदावर हिशेब चोख होता, त्यात मासा नव्हता. १९४० मध्ये पाणी वळवले गेले आणि कुनिमासू संपला.

मग साइकोत कुठून आला?

१९३५ मध्ये ताझावातून सुमारे एक लाख अंडी साइकोत पाठवली गेली होती. ती जगली, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. १९९०च्या दशकात ताझावाच्या पर्यटन संस्थेने मासा शोधणाऱ्याला ५० लाख येनपर्यंत बक्षीस जाहीर केले, तेही कोणी जिंकले नाही. गंमत म्हणजे साइकोचे मच्छीमार हा मासा पकडत होतेच. ते त्याला ‘कुरोमासू’, म्हणजे काळा मासा म्हणत आणि हिमेमासूच समजत. पण हिमेमासूची वीण शरद ऋतूत होते. हे मासे ऐन थंडीत, ३०-४० मीटर खोलीवर अंडी घालत होते. कल्ल्यांची रचना आणि डीएनए तपासल्यावर शंका उरली नाही.

आता मूळ तळ्यात का सोडत नाहीत?

कारण ताझावाचे पाणी अजूनही आम्लधर्मी आहे. झऱ्यांच्या पाण्यावर चुनखडीची प्रक्रिया करणारे केंद्र १९८९ पासून सुरू आहे. पण तळ्यात सुमारे २५० टीएमसी पाणी आहे. ते बिघडवणे सोपे होते, सुधारणे नाही. त्यामुळे २०१३ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने कुनिमासूला ‘नामशेष’ यादीतून काढले, तरी नोंद ‘मूळ अधिवासातून नामशेष’ अशीच केली.

२०१७ मध्ये ताझावाच्या काठावर कुनिमासूचे संग्रहालय उघडले. तिथे जिवंत कुनिमासू पाहायला मिळतात, काचेच्या टाकीत. तेही साइको ज्या प्रांतात आहे, त्या यामानाशीकडून उसने आणलेले.