पूम्पावै ते फुलराणी : रोमँटिक काव्यातील स्त्रीसौंदर्याचे दर्शन

रोमँटिक काव्याने स्त्रीसौंदर्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. नेमके काय बदलले आणि त्या बदलात स्त्रीच्या पदरी काय पडले, या दोन प्रश्नांचा विचार त्याबरोबरच झाला पाहिजे. त्यासाठी रोमँटिकपूर्व परंपरेतील एखादे सौंदर्यचित्र शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते. असे एक चित्र मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मैलापूर या प्राचीन वस्तीशी जोडलेले आहे.

मैलापूरचा शिवभक्त व्यापारी शिवनेसर याची कन्या पूम्पावै सर्पदंशाने बालवयातच मृत्यू पावली. पित्याने तिच्या अस्थी व रक्षा एका कुंभात जपून ठेवल्या. पुढे सातव्या शतकातील संतकवी ज्ञानसंबंधर कपालीश्वराच्या दर्शनास आले. त्यांनी त्या कुंभासमोर पदिगम गायिले आणि पूम्पावै जिवंत होऊन बाहेर आली, अशी कथा आहे. कपालीश्वर मंदिरातील पंगुनी उत्सवात हा प्रसंग आजही साजरा होतो. संबंधरांच्या पदिगमात तिच्या रूपाचे वर्णन नाही. तेथे तिला हाक आहे. मैलापूरचे एकेक उत्सव सांगून, ते न पाहताच ती निघून जाणार का, असा प्रश्न पदोपदी विचारलेला आहे. म्हणजे या गीतात पाहणारी आहे ती पूम्पावै.

तिचे रूपवर्णन आले ते बाराव्या शतकात, शेक्किळारांच्या ‘पेरियपुराणा’त. कुंभातून प्रकटलेल्या कन्येचे लावण्य कवी केशसंभारापासून आरंभ करून क्रमाने चरणांपर्यंत वर्णितो. हा क्रम यादृच्छिक नाही. देवतांचे वर्णन चरणांपासून व मानवांचे मस्तकापासून करावे, हा संस्कृत टीकाकारांना मान्य असलेला संकेत आहे. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीचे वर्णन पायांपासून करतो, ते याच दृष्टीने पाहिले जाते. उपमानेही ठरलेली असतात. मराठीत रामजोशी, होनाजी बाळा प्रभृती शाहिरांच्या लावणीपर्यंत ही अवयवशः वर्णनाची रीत टिकून राहिली. या रीतीत सौंदर्य ही सर्वांना सारखीच दिसणारी वस्तू असते. पाहणारा कोण, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

शेक्किळारांनी मात्र तो प्रश्न उपस्थित केला आहे. ब्रह्मदेवाने आपणच निर्मिलेल्या सुंदरीच्या लावण्याचा पूर चार मुखांनी पाहिला. संबंधरांनी त्याहून सुंदर अशा या कन्येच्या ठायी शिवाच्या करुणेचा पूर पाहिला, असे ते सुचवितात. रूप पुढे आहेच. परंतु द्रष्ट्यागणिक त्याचा अर्थ पालटतो. तिला पुन्हा जन्म दिल्याने ती आपली कन्याच ठरते, असे सांगून संबंधर विवाहास नकार देतात.

द्रष्ट्याच्या दृष्टीचे हे महत्त्व रोमँटिक कवींनी काव्याच्या केंद्रस्थानी आणले. मात्र त्या दृष्टीला आधार भक्तीचा न देता कवीच्या स्वतःच्या कल्पनाशक्तीचा दिला. वर्ड्‌स्वर्थने १८०४ साली आपल्या पत्नीवर लिहिलेल्या कवितेत स्त्री प्रथम क्षणिक आभासासारखी दिसते, नंतर घरात वावरणारी व्यक्ती होते आणि अखेर विवेकी सहचरी ठरते. सौंदर्य येथे अवयवांत नसून ओळख वाढत जाण्याच्या क्रियेत आहे. बायरनच्या १८१४ मधील प्रसिद्ध कवितेत मुख आणि केस येतात. परंतु त्यांचे काम अंतःकरणाच्या निर्मळतेकडे निर्देश करण्याचे आहे. शेलीच्या ‘एपिसायकिडिअन’मध्ये (१८२१) तर स्त्री जवळजवळ प्रकाशरूपच होऊन जाते.

आधुनिक भारतीय कवींनी ही दृष्टी आपापल्या मातीत रुजविली. स्वतःस ‘शेलीदासन’ म्हणविणारे सुब्रह्मण्य भारती यांचा अंत १९२१ साली मैलापूरलगतच्या तिरुवल्लिक्केणीत झाला. त्यांच्या ‘कण्णन् पाट्टु’तील एका गीतात सायंकाळी समुद्र पाहत असलेल्या नायकाचे डोळे कण्णम्मा मागून येऊन झाकते. लाटांत आणि आकाशात काय पाहिलेस, या प्रश्नाला त्याचे उत्तर एकच आहे : तिचा चेहरा. डोळे झाकले असतानाही सौंदर्याचे दर्शन होते, ही कल्पना नखशिखान्त वर्णनाच्या परंपरेत बसणारी नव्हे. मराठीत बालकवींनी (१८९०–१९१८) उलट दिशेने हेच साधले. त्यांची ‘फुलराणी’ ही कळी आहे आणि तिचा विवाह सूर्यकिरणाशी होतो. स्त्री निसर्गासारखी न होता निसर्गच नववधू होतो. ‘पूम्पावै’ या नावातही ‘पू’ म्हणजे फूल आणि ‘पावै’ म्हणजे पुतळी, सुकुमार कन्या. पण तेथे फूल हे कन्येचे उपमान आहे. ‘फुलराणी’त कन्या हे फुलाचे.

या परिवर्तनाने काव्याला मोठा लाभ झाला. अलंकारांच्या याद्यांतून सौंदर्य सुटले आणि अनुभवाशी बांधले गेले. परंतु हानीही झाली. पूर्वीची नायिका निदान देहाने तरी उपस्थित होती. रोमँटिक कवितेत ती पुष्कळदा कवीच्या भावनेचे निमित्त उरते. तिच्याविषयी वाचून तो कवी कळतो, ती कळत नाही. ग्वाल्हेरच्या भा. रा. तांबे यांना याची जाणीव असावी. त्यांची अनेक प्रेमगीते स्त्रीच्या तोंडी आहेत. एका लोकप्रिय गीतात तर रोखून पाहणाऱ्या डोळ्यांच्या जुलमाविषयी तीच तक्रार करते. तक्रार लाडिक आहे, शब्दही पुरुषकवीचेच आहेत. तरीही पाहिले जाणे म्हणजे काय, हा प्रश्न तेथे तिच्या बाजूने मांडला गेला. इंदिरा संतांच्या ‘शेला’ (१९५१) व ‘मेंदी’ (१९५५) या संग्रहांत ती स्वतः पाहू लागते. निसर्ग तोच, विरहही तोच. पण आता ती प्रतिमा नसून प्रतिमा घडविणारी आहे.

तमिळमध्ये ‘पावै’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : डोळ्यातील बाहुली. मराठी ‘बाहुली’ शब्दही हे दोन्ही अर्थ वाहतो. पाहिली जाणारी मूर्ती आणि जिच्यायोगे पाहावयाचे ती पुतळी, यांसाठी दोन्ही भाषांनी एकच शब्द वापरावा, हे लक्षणीय आहे. रोमँटिक काव्याने पहिल्या अर्थाला अपूर्व तेज दिले. दुसरा अर्थ मात्र बराच काळ कवीने स्वतःकडेच राखून ठेवला. म्हणून या काव्याचे मूल्यमापन करताना स्त्री किती सुंदर दिसते एवढेच पाहून भागणार नाही. तिला स्वतःला त्या कवितेत काय दिसते, हेही विचारले पाहिजे. मैलापूरच्या त्या प्राचीन पदिगमाने हा प्रश्न फार पूर्वीच विचारून ठेवला आहे.