आभाळ निरभ्र, समुद्र खवळलेला

मांजरीत समुद्र नाही. आमच्या गावाला लागून मुळा-मुठा वाहते, पण तीही अरबी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघालेली. तिचं पाणी भीमेला, मग कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जातं. सरळ रेषेत मोजलं तर कोकणचा किनारा आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे समुद्राची बातमी आम्ही परगावच्या बातमीसारखी ऐकतो. ऐकतो आणि विसरतो.

३ मे २०२४, शुक्रवारची संध्याकाळ. मुलगा आणि त्याचे चार मित्र दुसऱ्या दिवशी पहाटे हर्णैला निघणार होते. बॅगा भरून झाल्या होत्या. तेवढ्यात बातम्यांमध्ये सूचना आली: उद्यापासून दोन दिवस किनाऱ्यावर लाटा उसळण्याची शक्यता, पर्यटकांनी पाण्यात उतरू नये. मुलानं मोबाइल माझ्यासमोर धरला. हर्णैच्या नावाखाली पिवळाधमक सूर्य होता. पाऊस नाही, ढग नाही, वाराही जेमतेम. "अब्बा, वादळ कुठंय? आणि लाटा म्हणे अर्धा ते दीड मीटर! पावसाळ्यात मुंबईत पावणेपाच मीटर असतात."

मला उत्तर देता येईना. लाटेवर कविता लिहिण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस मी, पण लाट येते कुठून हे मला ठाऊक नव्हतं. हर्णैला माझ्या खाला राहतात. खालूंनी (म्हणजे खालांच्या यजमानांनी) उभा जन्म मासेमारीत काढला आहे. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "पोरांना सांग, आभाळ बघू नका, पाणी मोजा." त्या वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला पुढं बराच अभ्यास करावा लागला. तोच आज सांगतो.

पहिली गोष्ट, लाटेबरोबर पाणी प्रवास करत नाही. आमच्याकडच्या उसाच्या शेतावरून वारा जातो तेव्हा या बांधापासून त्या बांधापर्यंत एक लाट पळत गेलेली दिसते. ऊस मात्र जागेवरच असतो, फक्त वाकतो आणि उभा राहतो. खोल समुद्रातही तसंच. पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढं जाते ती शक्ती. आणि ती शक्ती वाटेत फारशी खर्च होत नाही, म्हणून हजारो किलोमीटर जाऊ शकते.

समुद्रावरच्या लाटा दोन जातीच्या. एक वाऱ्याची लाट: दुपारी खारा वारा सुटला की इथल्या इथं उठणारी, आखूड, विस्कटलेली, वारा पडला की बसणारी. दुसरी ती, जिला इंग्रजीत स्वेल म्हणतात आणि खालू 'लांबची लाट' म्हणतात. ही दुसऱ्याच कुठल्या तरी समुद्रात, दुसऱ्याच वादळात जन्मलेली असते. वादळ तिथंच विरून जातं, लाट निघालेली असते. ती आपल्या किनाऱ्याला लागते तेव्हा इथं आभाळात सूर्य असू शकतो, नव्हे, बहुतेक वेळा असतोच.

दोघींतला फरक ओळखायचा कसा? मोजून. एक लाट फुटली की दुसरी फुटेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचं. याला आवर्तकाल म्हणतात. वाऱ्याची लाट पाच-सहा सेकंदांनी येते. लांबची लाट बारा, पंधरा, कधी अठरा सेकंदांनी. खालू जेटीवर उभं राहून मनाशी आकडे म्हणतात, आणि आकडा चौदाच्या वर जायला लागला की होडीला दुसरा दोर बांधतात.

हे आकडे साधे दिसतात, पण त्यांच्या पोटात सगळा प्रवास असतो. खोल पाण्यात लाटेचा आवर्तकाल जितका मोठा, तितकी ती वेगवान. अठरा सेकंदांच्या लाटांचा ताफा ताशी साधारण पन्नास किलोमीटरनं पुढं सरकतो, बारा सेकंदांचा चौतीसनं. दक्षिण गोलार्धात पन्नास अंश अक्षांशाच्या आसपास कायम वादळी वाऱ्यांचा पट्टा आहे. तिथून कोकण सुमारे साडेसात हजार किलोमीटर. भागून पाहा, अठरा सेकंदांची लाट सहा दिवसांत पोचते, बारा सेकंदांची नऊ दिवसांत. म्हणजे सगळ्यांत लांब लाटा आधी येतात. मे २०२४ च्या त्या लाटांचं मूळ एप्रिलच्या अखेरीस हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला सुटलेल्या वाऱ्यांत होतं. मुलाच्या मोबाइलवरचा सूर्य खोटा नव्हता. तो फक्त हर्णैचं आभाळ सांगत होता, आणि लाट हर्णैच्या आभाळाखाली जन्मलीच नव्हती.

हे कुणी सिद्ध केलं, याची हकीकत मोठी रंजक आहे. वॉल्टर मंक नावाच्या शास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत उभी करायला हातभार लावला. पुढं १९६३ मध्ये त्यानं न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ओळीनं मोजणीची ठाणी मांडली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा विषुववृत्त ओलांडून, अख्खा पॅसिफिक पार करून उत्तरेला पोचताना पकडल्या. सामोआमधल्या ठाण्यावर तो स्वतः बायको-मुलींसह राहिला होता. आपल्याकडे हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था करते. ती १९९९ मध्ये स्थापन झाली. उपग्रह, गणकयंत्रावरची प्रतिमानं आणि समुद्रात तरंगणारी लाटमापक बोयरी यांच्या आधारे ती अंदाज देते. असं एक बोयरं रत्नागिरीजवळही आहे. केरळचे मच्छिमार आभाळ स्वच्छ असताना अचानक घरात शिरणाऱ्या या पाण्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोनं हा शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. एका कोळ्याच्या तोंडचा शब्द जगाच्या शास्त्रात गेला, याचं कवी म्हणून मला फार अप्रूप वाटतं.

आता दीड मीटरचं कोडं. इथं आपली वर्तमानपत्रं दरवर्षी एक घोळ घालतात. 'आज समुद्रात ४.८ मीटरच्या लाटा उसळणार' असा मथळा येतो. तो आकडा लाटेचा नसतोच, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. ओहोटीच्या ठरावीक तळरेषेपासून पाणी किती चढेल, एवढंच तो सांगतो. लाट त्या पातळीच्या वर वेगळी. शिवाय लाटेच्या उंचीचा जो आकडा अंदाजात देतात तो सर्वांत उंच लाटेचा नसतो, उंचातल्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. शे-दोनशे लाटांमागं एखादी दीडपटही येते. आणि तिसरं म्हणजे दीड मीटर ही खोल पाण्यातली उंची. किनाऱ्याजवळ तळ लागला की लाट मंदावते, आखडते आणि उंच होते. सहा सेकंदांची दीड मीटरची लाट फुटताना पावणेदोन मीटरच्या आसपास जाते, अठरा सेकंदांची पावणेतीनच्या घरात. आकडा एकच, पण एक लाट छातीला लागते आणि दुसरी डोक्यावरून जाते. म्हणून नुसती उंची ऐकून निर्णय करू नये. सेकंद विचारावेत.

लाट फुटते कुठं, ते तळ ठरवतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा पटीवर आली की ती कोसळते. तळाशी प्रवाळाचा किंवा खडकाचा कठडा असेल तर लाट दरवेळी त्याच जागी, त्याच रीतीनं फुटते. लाटांवर फळी घेऊन खेळणारे म्हणूनच प्रवाळाच्या जागा शोधत फिरतात. २०२४ च्या ऑलिंपिकमधली ती स्पर्धा पॅरिसला न होता ताहितीतल्या तेआहुपो या गावी झाली. कारण तिथं दक्षिण महासागराची लांबची लाट खोल पाण्यातून येऊन एकदम उथळ प्रवाळावर आदळते. अंदाज पाहून स्पर्धेचे दिवस पुढं-मागं करावे लागले होते. आपल्याकडे असं दृश्य लक्षद्वीपला आहे. बेटांभोवती प्रवाळाचं कडं, कड्यावर फेसाची पांढरी रेघ आणि आत हिरवं, संथ पाणी. लाटेची बहुतेक शक्ती ते कडं खाऊन टाकतं. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापून तिथली प्रवाळं पांढरी पडली. हा नुसता मासे आणि रंगांचा तोटा नव्हे. कडं झिजलं तर आत येणारी लाट अडवणार कोण?

आपल्या विजयदुर्गासमोर भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून ते नाव पडलं. पण त्याचा माथाच वीसेक मीटर खोल, त्यामुळे नेहमीची लाट त्याच्या डोक्यावरून निघून जाते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आणि खडक आहेत. तिथं ओहोटीला खडक उघडे पडतात आणि लाट बाहेरच फुटते. भरतीला तीच लाट त्यांच्यावरून आत येते. म्हणजे लाटेबरोबर भरतीची वेळही हवी. तिचा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खालू हा हिशेब चाँदच्या तारखेवरून करतात. चंद्रकोर दिसल्यावर महिना लागतो, म्हणून तारखेत दोन मिळवायचे. त्या शनिवारी शव्वालची चोवीस होती. दोन मिळवून सव्वीस, पंधरा वजा करून अकरा. पंचांगात वद्य एकादशीच होती! अकराची पाऊणपट सव्वाआठ.

कोकणात बहुतेक जागी वाळूच आहे, आणि वाळू जागा बदलते. गेल्या वर्षी जिथं कमरेएवढं पाणी होतं तिथं यंदा खड्डा असू शकतो. लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतात आणि ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन बांधांमधल्या खोलगट पट्ट्यातून ते जोरानं आत खेचलं जातं. या पट्ट्यावर खोली जास्त, म्हणून लाटा फुटत नाहीत. वरून बघणाऱ्याला तीच जागा सर्वांत शांत दिसते. पोहता न येणारा माणूस नेमका तिथं उतरतो. लांबच्या लाटांत ही ओढ फार वाढते, कारण दोन लाटांमध्ये समुद्र पंधरा-सोळा सेकंद निवांत वाटतो आणि माणसं पुढं सरकतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर, आडवं जावं. ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच बाहेर आणतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी महिना, पावसाळ्याचा मागमूस नाही. ओहोटी लागली होती. त्यांतली मुलं-मुली आमच्या ओळखीपाळखीच्या घरांतली होती. पुण्याच्या कॅम्पापासून हडपसरपर्यंत कित्येक मोहल्ल्यांत त्या रात्री चूल पेटली नाही. सहलीला निघताना त्यांनी आभाळ पाहिलंच असेल. आपण सगळे तेच पाहतो. शुक्रवारी रात्री मुलाच्या हातातला मोबाइल पाहताना मला ती रात्र आठवत होती, पण त्याला समजावण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं, होती ती नुसती भीती. विशीतली पोरं बापाच्या भीतीनं थांबत नाहीत. खालूंच्या आकड्यांनी तो थांबला. कुरकुरत, पण थांबला.

मुंबईतला इशारा शनिवारी सकाळी साडेअकरापासून रविवारी रात्री साडेअकरापर्यंतचा होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटेनं ओढून नेले. तिथंही इशारा दिलेला होता.

रविवारी रात्री मी हर्णैला फोन केला. इकडे मांजरीत वारा पडला होता, उकाड्यानं सगळे अंगणात बसले होते. विचारलं, "खालू, काय म्हणतोय समुद्र?"

"दुपारी सतरापर्यंत मोजले," ते म्हणाले. "होड्या वर ओढून घेतल्यात. आभाळ मात्र एकदम साफ आहे बघ. चांदण्या मोजाव्यात असं."