लेबलावरचा इतिहास

गागोदे बुद्रुक म्हटलं की विनोबा आठवतात. ११ सप्टेंबर १८९५ ला त्यांचा जन्म इथे झाला. पेण तालुक्यातल्या अशा डोंगरपायथ्याच्या गावांचा जुन्या रेकॉर्डशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध विजेचा आहे.

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. जिथे तारा पोचल्या नव्हत्या तिथे तोच वाजायचा, आणि त्याला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडीच लागायची. विनाईलच्या ४५ फेऱ्यांच्या ईपीची बारीक खोबणी त्या जड सुईखाली खरवडून निघाली असती. म्हणून ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास मागे पडलेली लाखेची तबकडी कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून पुढेही निघत राहिली. बीटल्सची गाणीसुद्धा तिथे पार्लोफोनच्या लेबलाखाली ७८ वर छापली गेली. जगभरचे संग्राहक आज त्या तबकड्या शोधत असतात.

मराठी भावगीतांचंही तेच झालं. एक गाणं आधी लाखेवर यायचं, मग आणखी तीन गाण्यांसोबत ईपीवर. दोन्ही प्रती जपणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. मला तो दफ्तर सांभाळणारा माणूस वाटतो. लेबलाचा रंग, कंपनीच्या नावातला बदल, गायिकेच्या नावामागचं ‘मिस’ किंवा ‘बाई’, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक: हे सगळं जुळवलं की पहिली छपाई कोणती आणि नंतरची कोणती, याचा माग लागतो.

गाण्याइतकंच महत्त्व लेबलाला पहिल्यापासून होतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान तबकडीसाठी गायल्या आणि शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळल्याशिवाय लेबल लावता येत नसे.

संग्राहकांमुळेच ‘यंग इंडिया’सारखं नाव टिकलं. मुंबईच्या या देशी कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात नव्या, हौशी गायकांनाही जागा दिली, कारण नामवंत बहुतेक मोठ्या कंपन्यांशी बांधलेले असत. तिचा इतिहास जुळवण्यात सुरेश चांदवणकरांचा मोठा वाटा आहे. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चं काम त्यांनी वर्षानुवर्षं वाहिलं, आणि संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून या नोंदी छापून आल्या.

रायगडच्या एखाद्या माळ्यावर, लग्नात भोंगा लावणाऱ्याच्या जुन्या पेटीत, अजून तबकड्या निघू शकतात. निघाल्या तर भंगारात घालण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा. लेबलावर ओलं फडकं फिरवू नका, छपाई पुसट होते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट तर मुळीच लावू नका. लाख त्यात विरघळते. कव्हर फाटकं असलं तरी त्याच तबकडीसोबत ठेवा.