मेकॅट्रॉनिक उत्पादनांची अभिकल्प प्रक्रिया

यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिकी आणि संगणकीय नियंत्रण यांचा एकत्रित विचार करून उत्पादन विकसित करण्याच्या पद्धतीस मेकॅट्रॉनिक अभिकल्प प्रक्रिया असे म्हणतात. ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द १९६९ मध्ये जपानमधील यास्कावा इलेक्ट्रिक या कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी रूढ केला.

स्वरूप

यंत्र आधी घडवून त्याला विद्युत मंडल आणि आज्ञावली मागाहून जोडल्यास एका शाखेतील त्रुटी दुसरीला उशिरा कळते. तोवर बदल खर्चिक झालेला असतो. म्हणून या प्रक्रियेत तिन्ही शाखांचे काम समांतर चालते. जर्मन अभियंता संघटनेच्या ‘व्हीडीआय २२०६’ या मार्गदर्शिकेत (२००४) ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडली आहे. डाव्या बाजूने उतरताना गरजा व प्रणालीची रचना निश्चित होते, तळाशी प्रत्येक शाखेचे तपशीलवार काम होते आणि उजव्या बाजूने चढताना घटक जोडून ते मूळ गरजांशी पडताळले जातात.

उदाहरण

मोटारीचा ब्रेक जोरात दाबल्यास चाके फिरायची थांबून घसरतात व मोटार वळवता येत नाही. एबीएस प्रणालीत संवेदक चाकांचा वेग मोजतात, नियंत्रक घसरण ओळखतो आणि झडपा ब्रेकमधील द्रवाचा दाब एका सेकंदात अनेकदा कमीअधिक करतात. झडप मंद असल्यास उत्तम आज्ञावलीही निरुपयोगी ठरते. म्हणून दोन्हींचा अभिकल्प एकत्रच करावा लागतो. रस्त्यावरील चाचणीपूर्वी खरा नियंत्रक संगणकावरील आभासी मोटारीला जोडून धोक्याचे प्रसंग कोणाचाही जीव धोक्यात न घालता तपासता येतात.